गाढवा की रताळ्या

मास्तर : ही माझी जीभ नाही. तू दुसऱ्या कुणाची तरी लावलीयेस.

जीभवाली : तुमचीच आहे, काका. गेल्या आठवड्यात त्या बोगद्यासारख्या मशीनमध्ये पडून पाऊण तास 'आ, ई, ऊ' करत होतात ना, त्या फोटोंवरून कॉम्प्युटरच्या पडद्यावर बनवलीय.

मास्तर : एवढी जाडजूड?

मास्तरीणबाई : असणारच. अडतीस वर्षं मी बघतेय, एक दिवस सुट्टी नाही तिला.

जीभवाली : सगळ्यांचीच अशी असते, काकू. आरशात दिसतं ते नुसतं टोक. उरलेली मागे पार घशापर्यंत जाते. हे लाल पट्टे दिसतायत ना, ते स्नायू. हा जिभेला पुढे ढकलतो, हा मागे ओढतो, हा टोक वर वळवतो. कुठला किती आवळायचा ते मी कॉम्प्युटरला सांगायचं. मग ही जीभ हलते, तोंडातली पोकळी आकार बदलते, आणि त्या पोकळीतून कसा आवाज निघेल ते तो गणित करून ऐकवतो. हं, ऐका.

कॉम्प्युटर : नमस्कार. आरसा बघ. सावकाश सोड.

मास्तर : अरे! हा तर मीच!

मास्तरीणबाई : हुबेहूब तुम्हीच. फक्त माणूस जरा सभ्य वाटतो.

मास्तर : ए जीभवाली, हा आवाज असाच डबीत भरून देता येईल का? मंगळवारनंतर मेहुण्याचा फोन आला की हाच बोलेल. मी आपला पेपर वाचत बसेन.

मास्तरीणबाई : माझा भाऊ फोन करतो तो तुमच्या काळजीने.

मास्तर : म्हणून तर. काळजीवाल्या माणसाशी मशीनने बोललेलं बरं. ते कंटाळत नाही.

जीभवाली : काका, मला नाव आहे हं. 'जीभवाली' काय!

मास्तर : असेल. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये मी कुणालाच नावाने हाक मारत नाही. चष्मेवाला, बँकेतली, जांभई. तू जीभवाली. शिवाय तू डॉक्टर म्हणवतेस आणि ताप उतरवता येत नाही तुला.

जीभवाली : मी त्यातली डॉक्टर नाही, सांगितलं ना. बरं, आता कामाचं बोलू? मंगळवारी ऑपरेशन. जिभेच्या उजव्या कडेची गाठ आणि तिच्या आजूबाजूचा तुकडा काढायचा, आणि त्या जागी तुमच्या हाताचं मांस लावायचं. एवढं सर्जनबाईंनी सांगितलंय.

मास्तर : सांगितलंय. ठिगळ.

मास्तरीणबाई : आधी दाखवलं असतं तर लहान ठिगळात भागलं असतं. तीन महिने 'दात लागला, दात लागला' करत होते. एवढा कुठला दात लागतो माणसाला?

मास्तर : झालं ना आता ते.

जीभवाली : तर ते ठिगळ दोन तऱ्हांनी बसवता येतं. गाठ दोन्हीत सारखीच निघते, गिळणंही दोन्हीत जवळपास सारखं. फरक बोलण्यात आहे. पहिल्या तऱ्हेत ठिगळ पातळ ठेवायचं. म्हणजे टोक मोकळं राहतं, त, ल, र, ळ नीट येतात. पण जिभेचा मागचा भाग उचलून टाळूला टेकत नाही. क आणि ग जातात, ख आणि घ त्यांच्याबरोबर. दुसऱ्या तऱ्हेत मागे भर घालायची. क, ग शाबूत, पण टोक जखडतं. र, ळ, ड गेलेच म्हणून समजा. सर्जनबाई म्हणाल्या, एवढं तुम्ही घरच्यांनी ठरवा.

मास्तर : म्हणजे निम्मी बाराखडी घरात ठेवायची आणि निम्मी हाकलून द्यायची.

मास्तरीणबाई : चेष्टा नको हो.

मास्तर : चेष्टा नको तर काय करू? रडू? रडायला जीभ लागत नाही, ते मंगळवारनंतरही जमेल.

जीभवाली : म्हणूनच मी यादी मागितली होती. रोज सगळ्यात जास्त लागणारे पन्नास शब्द. आणलीत?

मास्तर : शेहेचाळीसच भरले. पुढे सुचेना.

मास्तरीणबाई : बघू इकडे. 'क्लच. ब्रेक. गिअर. गाढवा. डोळे कुठायत. गाढवा.' अहो, हे दोनदा लिहिलंय.

मास्तर : वापर जास्त आहे.

मास्तरीणबाई : 'बैलोबा. रताळ्या. कुणी शिकवलं तुला.' तुम्हीच शिकवत असता की! 'ढब्बू. महागाढव. गाडी आहे का घसरगुंडी.' यात माणसाशी बोलायचा एक शब्द नाही.

मास्तर : 'चहा' आहे. एकोणिसावा बघ.

जीभवाली : द्या, दोन्ही जिभांवर चालवून बघते. कॉम्प्युटर म्हणणार आणि किती शब्द कानाला ओळखू येतात ते मोजणार. हं... पहिल्या तऱ्हेत सव्वीस. दुसऱ्या तऱ्हेत एकतीस.

मास्तर : पहिलीत एवढे का पडले?

जीभवाली : पहिलीत 'रताळ्या' स्वच्छ येतं, पण 'गाढवा'चं होतं 'आढवा'. दुसरीत 'गाढवा'चं 'गादवा' होतं, तरी कळतं. 'रताळ्या'चं मात्र 'यताय्या'.

मास्तर : यताय्या! याने कोण घाबरणार? उलट लाजेल बिचारा, मास्तरांनी लाडाने हाक मारली म्हणून.

जीभवाली : आणि तुमच्या यादीत एकूण चार गाढवं आहेत, त्यामुळे दुसरीचं पारडं जड झालंय.

मास्तर : मग ठरलं. दुसरी. रताळ्याशिवाय माझं चालेल, गाढवाशिवाय शाळा बंद पडेल.

मास्तरीणबाई : शिवी देता यावी म्हणून जीभ निवडणार तुम्ही?

मास्तर : शिवी कुठे? हाक आहे ती. पस्तीस वर्षांत गाडीत कुणाचं बोट दुखावलं नाही माझ्यामुळे. का? माझी हाक पोचते. स्टेअरिंगवरचा माणूस घाबरला की त्याला वाक्यं ऐकू येत नाहीत, 'गाढवा' ऐकू येतं.

जीभवाली : घाई नको, काका. आज टाळूचा साचा घ्यायचाय, त्याने मॉडेल अजून नेमकं होईल. आ करा. ही पेस्ट घट्ट व्हायला पाच मिनिटं लागतात. तोवर तोंड हलवायचं नाही. बोलायचं तर मुळीच नाही.

मास्तर : पाच मिनिटं? मी झोपेतसुद्धा एवढा वेळ गप्प...

जीभवाली : बसला साचा. घड्याळ लावते.

मास्तर : ऊं.

मास्तरीणबाई : नक्की पाच मिनिटं?

जीभवाली : नक्की.

मास्तरीणबाई : आणि मध्येच बोलले तर?

जीभवाली : साचा बिघडेल. मग सगळं पहिल्यापासून.

मास्तरीणबाई : ऐकलंत ना? पोरी, खुर्ची जवळ ओढ. मीही यादी आणलीय.

मास्तर : ऊं?

मास्तरीणबाई : हो, मी. पुढची सगळी वर्षं ऐकायचंय मला, मग मला कुणी विचारायला नको?

जीभवाली : विचारायलाच हवं होतं, काकू, चुकलंच माझं. किती शब्द आहेत?

मास्तरीणबाई : बघ, तू किती पटकन म्हणालीस. तेच दोन शब्द. 'चुकलं माझं.'

मास्तर : ऊं! ऊं ऊं!

मास्तरीणबाई : ते म्हणतायत, अवश्य ऐकव.

जीभवाली : मला तसं नाही वाटत.

मास्तरीणबाई : मला त्यांची भाषा कळते. लाव तू.

जीभवाली : ही पहिल्या तऱ्हेची जीभ.

कॉम्प्युटर : चुअलं माझं.

जीभवाली : ही दुसरी.

कॉम्प्युटर : शुकयं मायं.

मास्तरीणबाई : आणि आत्ताची? ऑपरेशनच्या आधीची?

कॉम्प्युटर : चुकलं माझं.

मास्तरीणबाई : पुन्हा लाव गं.

कॉम्प्युटर : चुकलं माझं.

जीभवाली : काकू? पाणी देऊ?

मास्तरीणबाई : नको. काही नाही. कानांना सवय नाही एवढंच.

मास्तर : ऊं.

मास्तरीणबाई : तुम्ही गप्प बसा. म्हणजे बसलेलेच आहात. पोरी, ड्रायव्हिंग स्कूलमध्ये सगळे मला मास्तरीणबाई म्हणतात. फॉर्म मी भरून घेते, वेळा मी लावते, परीक्षेच्या दिवशी कुणाचं पोट बिघडलं तर गोळी मी देते. किती माणसं माझ्या टेबलावरून लायसन घेऊन गेली असतील, सांगता नाही यायचं. आणि मला गाडी येत नाही.

जीभवाली : तुम्हाला?

मास्तरीणबाई : मला. बत्तीस वर्षांपूर्वी यांच्या मागे लागले, शिकवा म्हणून. दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी भर चौकात गाडी बंद पडली आणि बाजूने ट्रक आला. हे असे ओरडले की चौकातल्या लोकांनी वळून बघितलं. मागच्या सीटवर दोन शिकाऊ बसलेले, ते खुदकन हसले. मी दार उघडलं, उतरले आणि चालत घरी आले. पुढे महिनाभर ते दोघं मला बघितलं की खिडकीबाहेर बघायचे. त्यानंतर स्टेअरिंगला माझा हात लागला तो फक्त फडकं मारायला.

जीभवाली : काय ओरडले होते?

मास्तरीणबाई : तो यादीत दोनदा आहे ना, तोच शब्द. स्त्रीलिंगी करून.

मास्तर : ऊं ऊं ऊं ऊं!

मास्तरीणबाई : किती मिनिटं उरली?

जीभवाली : झाली, काकू. काका, सावकाश, मी काढते. दात आवळू नका... हं, निघाला.

मास्तर : क्लच सोडला होता हिने!

मास्तरीणबाई : घ्या. तोंड मोकळं झालं आणि पहिलं वाक्य हे.

मास्तर : ट्रक दहा फुटांवर होता!

मास्तरीणबाई : तुमच्या पायाखाली वेगळा ब्रेक असतो. तो कशाला असतो मग?

मास्तर : दाबला ना मी तो! दोन्ही पायांनी दाबला. ट्रकही थांबला. आणि मग... मग ओरडलो.

मास्तरीणबाई : मग? म्हणजे सगळं थांबल्यावर?

मास्तर : हो.

मास्तरीणबाई : उभ्या गाडीत? उभ्या ट्रकसमोर?

मास्तर : पाय लटपटत होते माझे. मागच्या दोघांना दिसले असते. ट्रक तुझ्या बाजूने येत होता, माझ्या नाही. तुझ्या दाराशी येऊन थांबला तो. मला पुढे काही सुचलं नाही. मी घाबरलो की ओरडतो, हे तुला काय आज कळतंय?

मास्तरीणबाई : आजच कळतंय. बत्तीस वर्षं मला वाटतंय, मी मठ्ठ म्हणून ओरडलात.

मास्तर : मठ्ठ? तू? अगं, तिसऱ्या दिवशी चौकात नेलं मी तुला. बाकीच्यांना पंधरा-पंधरा दिवस मैदानाबाहेर काढत नाही.

मास्तरीणबाई : हे तेव्हा सांगायचं होतं.

मास्तर : तेव्हा तू चालत निघून गेलीस. मी गाडी घेऊन मागे मागे येत होतो घरापर्यंत. तू वळून बघितलं नाहीस.

मास्तरीणबाई : मला वाटलं, हॉर्न दुसऱ्या कुणाचा.

मास्तर : जीभवाली, ते रेकॉर्डिंग चालू आहे का?

जीभवाली : सकाळपासून. तुम्ही सही केलीत ना त्या कागदावर.

मास्तर : बंद कर.

मास्तरीणबाई : राहू दे चालू.

मास्तर : बरं, राहू दे. ती यादी दे. आणि पेन. हे काट. हे काट. बैलोबा, ढब्बू, घसरगुंडी, सगळं काट.

जीभवाली : आणि 'गाढवा'?

मास्तर : चारही काट. आता मी सांगतो ते लिही. हळू. आरसा बघ. डावीकडे. उजवीकडे. सरळ. थांब. सोड आता. बंद पडली तर पडू दे. मी इथेच बसलोय.

जीभवाली : हे तर वेगळ्याच माणसाचे शब्द झाले.

मास्तर : नवीन शिकाऊ येणार आहे. वय जरा जास्त आहे, आणि ओरडलेलं चालत नाही तिला.

मास्तरीणबाई : कोण हो? आपल्याकडे तर कुणाचा... अहो, काहीतरीच काय! साठीला आले मी.

मास्तर : फॉर्म भरायला सांग तिला. फॉर्म तिच्याच टेबलावर असतात.

मास्तरीणबाई : आधी मंगळवार तर पार पडू दे.

मास्तर : मंगळवार पार पडावा म्हणूनच सांगतोय.

जीभवाली : थांबा, नवीन यादी चालवली मी. पहिली तऱ्हा आता कितीतरी पुढे आहे. 'हळू', 'सरळ', 'थांब', 'सोड', सगळे टोकावरचे, स्वच्छ. 'डावीकडे'चं मात्र 'डावीअडे' होणार, 'बघ'चं नुसतं 'बअ'. आणि काका, 'ब्रेक' जातो.

मास्तर : जाऊ दे. तो माझ्या पायात आहे.

जीभवाली : एक मात्र आधीच सांगते. हा सगळा अंदाज आहे. खरं तोंड काय करेल ते हे मॉडेल छातीठोकपणे सांगू शकत नाही. ते चुकू शकतं.

मास्तरीणबाई : चुकलं तर कबूल करेल ना? मग पुष्कळ झालं.

मास्तर : लिही, पहिली तऱ्हा. सर्जनबाईंना म्हणावं, मास्तरांनी टोक ठेवून घेतलं.

(चार महिन्यांनी. ड्रायव्हिंग स्कूलची गाडी, रिकामं मैदान. स्टेअरिंगवर मास्तरीणबाई, शेजारी मास्तर, मागच्या सीटवर माइक धरून जीभवाली.)

मास्तर : आरसा बह.

जीभवाली : एक मिनिट! काका, तुम्ही आत्ता 'बघ' म्हणालात?

मास्तर : मह हाय म्हणालो?

जीभवाली : 'बह'! अहो, हा 'ह' आला कुठून? माझ्या मॉडेलमध्ये तिथे काहीच नव्हतं, नुसती पोकळी. कुठून काढता हा?

मास्तर : हशातून.

मास्तरीणबाई : घशातून म्हणतायत. हशातून म्हटलं तरी खोटं नाही. महिनाभर आरशासमोर बसून कसले कसले आवाज काढायचे. मी हसले की त्यांना चेव यायचा, मग आणखी काढायचे.

जीभवाली : जीभ मागे पोचत नाही म्हणून घशाची भिंतच पुढे येत असणार. पण ती एवढी पुढे येते असं मी धरलंच नव्हतं. काका, सोमवारी पुन्हा त्या मशीनमध्ये याल? प्लीज?

मास्तर : तुझं यंत्र चुहलं तर!

जीभवाली : चुकलं. साफ चुकलं. मला इतका आनंद झालाय ना!

मास्तरीणबाई : बघ, दुसऱ्याचं चुकलेलं कसं लगेच जिभेवर येतं. दवाखान्यात नाकातोंडात नळ्या होत्या तेव्हा पाटीवर लिहून दाखवलं होतं मला, 'चुकलं माझं'. मी पुसून टाकलं.

जीभवाली : का, काकू?

मास्तरीणबाई : अक्षर वळणदार आहे त्यांचं, लिहायला कसले कष्ट? म्हटलं, तोंडाने म्हणायला जमेल तेव्हा म्हणा. तेव्हापासून सराव चाललाय म्हणे.

मास्तर : अहं, हाडी चालू हर.

मास्तरीणबाई : ही आणखी एक गंमत. 'अगं' म्हणतात ते 'अहं' ऐकू येतं. चहा ठेवू का विचारलं तर, 'अहं, ठेव.' हो म्हणतायत की नाही म्हणतायत, मी पातेलं हातात धरून उभी.

मास्तर : सोयीचं आहे. भांडण झालं तर मी हो म्हणालो होतो.

मास्तरीणबाई : गप्प बसा. कुठला दाबायचा आधी?

मास्तर : डावा. पूर्ण. आता पहिला टाह. हळू सोड. हळू...

मास्तरीणबाई : पडली. बंद पडली बघा.

जीभवाली : काका?

मास्तर : पडते. परत.

मास्तरीणबाई : ओरडला नाहीत?

मास्तर : हाबरलो नाही. मैदान आहे. ट्रह नाही.

मास्तरीणबाई : माझे पाय थरथरतायत.

मास्तर : माझेही. दिसू दे तिला. डावा दाब. पहिला. सोड... सोड... आता उजवा, जरासाच.

मास्तरीणबाई : चालली! अगं, चालली! पोरी, बघितलंस?

जीभवाली : काकू, पुढे बघा, पुढे!

मास्तर : उजवीहडे. हळू. आता सरळ. सरळच.

मास्तरीणबाई : दुसरा टाकू?

मास्तर : टाह.

मास्तरीणबाई : अहो, पडला दुसरा! आवाजसुद्धा नाही केला! ...तुम्ही का गप्प? दुखतंय का? काहीतरी बोला ना.

मास्तर : छान चालवतेस.

जीभवाली : काका! हे किती स्वच्छ आलं! एकही अक्षर इकडचं तिकडे नाही!

मास्तरीणबाई : काय म्हणालात? इंजिनाच्या आवाजात ऐकू नाही आलं.

मास्तर : आलंय तुला.

मास्तरीणबाई : आलंय. तरी म्हणा.